सहन करणे म्हणजे मैत्री नव्हे!

जर्मनीच्या कायद्यात परदेशातून आलेल्या माणसांसाठी एक शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'डुल्डुंग'. मराठीत त्याचा सरळ अर्थ 'सहन करणे' असा होतो. ज्याला आश्रय मिळालेला नाही, परंतु ज्याला तूर्त परतही पाठवता येत नाही, अशा माणसाच्या हातात सरकार एक कागद देते. तुझी रवानगी रद्द झालेली नाही, फक्त पुढे ढकलली आहे, एवढेच तो कागद सांगतो. ठराविक मुदत संपली की पुन्हा रांगेत उभे राहायचे आणि पुन्हा शिक्का मारून घ्यायचा. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात युद्ध पेटले, तेव्हा सुमारे ३.५ लाख माणसे जीव मुठीत धरून जर्मनीत आली. त्यांपैकी बहुतेकांनी आपली वर्षे याच कागदावर काढली.

त्यांना छप्पर मिळाले, अन्न मिळाले, थंडीचे कपडेही मिळाले. मिळाला नाही तो शेजारी! जो समाज तुम्हाला केवळ सहन करतो, तो तुम्हाला उपाशी मारत नाही हे खरे. परंतु तो तुमच्या दारातही येत नाही आणि तुम्हाला आपल्या दारात उभे करत नाही. मग सहन केल्या जाणाऱ्या माणसाची आणि सहन करणाऱ्या माणसाची मैत्री व्हायची कशी? या प्रश्नाचे एक साधे उत्तर त्याच देशात, काही निर्वासित स्त्रियांनी शोधून काढले. ते उत्तर भाजीच्या वाफ्यात सापडले. त्या उत्तराकडे चळवळीच्या वाचकांनी लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते.

प्रथम पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने उभे राहिले, खाणी सुरू झाल्या आणि हात कमी पडू लागले. तेव्हा जर्मनीने १९५५ साली इटलीशी, १९६१ साली तुर्कस्तानशी आणि १९६८ साली युगोस्लाव्हियाशी करार करून कामगार मागवले. त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. नावातच हेतू स्पष्ट होता. पाहुणा कितीही राबला तरी शेवटी त्याने जायचे असते! १९७३ साली तेलाचे संकट आले आणि ही भरती बंद झाली. पण तोपर्यंत माणसे रुजली होती. त्यांची बायकामुले आली, मुले तिथल्या शाळेत जाऊ लागली. तरीही घरमालकाच्या, गल्लीच्या आणि सरकारी कचेरीच्या लेखी ती परकीच राहिली.

या परकेपणाचे पुढे काय झाले, तेही पाहावे. १९९१ साली होयर्सवेर्डा या गावात व्हिएतनामी आणि मोझांबिकी कामगारांच्या वसतिगृहावर हल्ले झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉक शहरात व्हिएतनामी लोकांच्या इमारतीला आग लावली गेली आणि जमलेली गर्दी टाळ्या वाजवत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्योल्न येथे एका तुर्की कुटुंबातील तिघींना जाळून मारण्यात आले. मे १९९३ मध्ये झोलिंगेन येथे आणखी पाच मुली-महिला त्याच पद्धतीने मारल्या गेल्या. वस्त्या जाळण्याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते टाळ्या वाजवणाऱ्यांकडे. आग लावणारे नेहमी मूठभरच असतात. टाळ्या वाजवतात ते शेजारी! ज्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याच्या घरातले पाणी आपण कधी प्यायलो नाही, त्याचे घर जळताना टाळी वाजवणे सोपे जाते.

अशा काळात, १९९५ साली, ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या शहरात एका सल्ला केंद्रात बोस्नियाच्या निर्वासित स्त्रिया एकत्र जमत. चहा व्हायचा, विणकाम व्हायचे. दिवस ढकलणे हेच मुख्य काम होते, कारण दुसरे काही करण्याची त्यांना मुभाच नव्हती. तिथे एकदा त्यांना विचारले गेले की, इथे तुम्हाला सर्वांत जास्त कशाची उणीव भासते? स्त्रिया म्हणाल्या, आमच्या बागेची. गावाकडे घराशेजारी आमची बाग होती. मिरची, कोबी, घेवडा आम्ही लावत होतो. घरापुरते ठेवून उरलेले शेजारी वाटत होतो. इथे आम्हाला सगळे आयते मिळते, पण आमच्या हातचे असे काही नाही.

ही मागणी पुढे गेली. ग्योटिंगेनमध्येच राहणारे, मूळचे इथिओपियाचे कृषी अभियंते तासेव शिमेलेस यांनी त्यात पुढाकार घेतला. जमिनीचा एक तुकडा भाड्याने मिळाला आणि १९९६ साली पहिले वाफे तयार झाले. १९९८ साली 'आंतरराष्ट्रीय बागा' नावाची रीतसर संस्था नोंदवली गेली. बोस्निया, इराक, इथिओपिया अशा अनेक देशांतून आलेली आणि मूळची जर्मन कुटुंबे एकाच कुंपणात काम करू लागली. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टा म्युलर यांनी या बागेचा अभ्यास करून २००२ साली पुस्तक लिहिले. २००३ साली म्युनिकमध्ये अशा बागांना मदत करणारे एक प्रतिष्ठान उभे राहिले. आज जर्मनीत अशा सामुदायिक बागा शेकडोंनी मोजाव्या लागतात.

आता कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? चार माणसांनी भाजी लावली! वास्तविक पाहता जर्मनीत बागेची परंपरा जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात लाइपझिग शहरात सुरू झालेल्या छोट्या बागांच्या चळवळीतून आज त्या देशात जवळजवळ ९ लाख भाडेपट्ट्याच्या बागा आहेत. १९८३ चा स्वतंत्र कायदाही त्यासाठी आहे. एका बागेला साधारणतः ४०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागा असू नये, असे तो सांगतो. परंतु त्या बागांत प्रत्येकाचे कुंपण वेगळे, प्रत्येकाची झोपडी वेगळी. ग्योटिंगेनच्या स्त्रियांनी जी रीत पाडली, तिच्यात वाफा प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र. पण अवजारे, पाणी, खताचा ढीग आणि बसण्याची जागा सगळ्यांची. अशा अनेक बागांत मातीची एक सामाईक भट्टीही असते. तिच्यात कोणी बोस्नियाची पोळी भाजतो, कोणी कुर्दी रोटी, तर कोणी जर्मन पाव. भट्टी तापवायला लाकूड लागते, वेळ लागतो. त्यामुळे एकट्यासाठी ती कोणी पेटवत नाही. ज्याला भाकरी भाजायची आहे, त्याला दुसऱ्याची वाट पाहावीच लागते.

इथेच मैत्रीची खरी सुरुवात होते, असे आमचे मत आहे. निर्वासितांच्या छावणीत एक देणारा असतो आणि एक घेणारा. देणारा कितीही भला असला तरी घेणाऱ्याची मान खालीच राहते. दानाने पोट भरते, पण दानातून मैत्री जन्माला येत नाही. मैत्रीसाठी दोन्ही हात कधी ना कधी वर यावे लागतात. बागेत हे आपोआप घडते. जुलै-ऑगस्टमध्ये दुधी म्हणा, काकडी म्हणा, घरात खाऊन संपत नाही. मग कालपर्यंत सरकारी मदतीवर जगणारी बाई शेजारच्या जर्मन म्हाताऱ्याला बोलावते आणि सांगते, ही काकडी घेऊन जा. म्हातारा ती घेतो. त्या क्षणी ती निर्वासित राहत नाही, ती शेजारीण होते!

आणि म्हाताऱ्याकडेही देण्यासारखे असते. उन्हाळी देशातून आलेला माणूस एप्रिलमध्ये ऊन पडले की टोमॅटोची, मिरचीची रोपे लावून मोकळा होतो. जर्मनीतला जुना माळी मात्र मेच्या मध्यापर्यंत थांबतो. ११ ते १५ मे या दिवसांना तिकडे 'बर्फाचे संत' म्हणतात. त्या दिवसांपर्यंत केव्हाही रात्रीतून हिम पडते आणि कोवळी रोपे काळी पडतात, हा तिथल्या शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. हे कोणत्याही सरकारी माहितीपत्रकात छापलेले नसते. ते शेजाऱ्याकडूनच कळते. उलट द्राक्षवेलीची पाने जर्मन माणूस छाटून खताच्या ढिगावर टाकतो. तुर्की शेजारीण तीच पाने मागून घेते आणि त्यात भात भरून देते. मग त्या माणसाला कळते की, आपण इतकी वर्षे अन्न फेकत होतो!

एका रोपाविषयी तर आवर्जून सांगितले पाहिजे. आपल्याकडे शेताच्या बांधावर, पडीक जागेत घोळाची भाजी उगवते. राबणाऱ्या माणसांच्या ताटात ती कायम असायची. पैसे पडत नसत, म्हणून. तीच घोळ जर्मनीत आज बहुतेक बागकरी तण म्हणून उपटून टाकतात. तुर्की घरात मात्र ती दह्यात कालवून आवडीने खातात. एका वाफ्यात जे तण, ते शेजारच्या वाफ्यात जेवण! तण कोणते आणि पीक कोणते, हे रोप ठरवत नाही, वाफ्याचा मालक ठरवतो. माणसांच्या बाबतीतही 'उपरा' कोण आणि 'मूळचा' कोण, हे ज्याच्या हातात जमीन आणि सत्ता आहे तोच ठरवत आलेला आहे. म्हणूनच प्रत्येकाच्या हातात एक तरी वाफा असणे महत्त्वाचे ठरते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बाहेरून आलेल्यांनी आधी इथली भाषा शिकावी, इथल्या रीती शिकाव्यात, मग आम्ही त्यांना जवळ करू, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद वरवर रास्त दिसतो. पण माणूस भाषा शिकतो ती कोणाशी तरी बोलण्यासाठी! जवळ करणारा कोणी नसेल तर वर्गात पाठ केलेली वाक्ये ओठांवरच वाळून जातात. ज्या बागेत बोस्नियाची बाई, इराकचा गृहस्थ आणि इथिओपियाचे कुटुंब शेजारीशेजारी खुरपत आहे, तिथे सगळ्यांना समजेल अशी एकच भाषा उरते आणि ती म्हणजे जर्मन. झारी दे, पाणी बंद कर, तुझ्या मुलाला ताप आहे का, ही वाक्ये कोणी शिकवावी लागत नाहीत. तेव्हा आधी भाषा की आधी शेजार, या प्रश्नाचे उत्तर बागेने दिलेले आहे.

बर्लिनमधले आणखी एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ओस्मान कालिन नावाच्या तुर्की कामगाराने १९८० च्या दशकात, बर्लिनची भिंत उभी असतानाच, भिंतीला लागून पडलेला एक तिकोनी तुकडा साफ केला. ती जागा कागदोपत्री पूर्व बर्लिनची. परंतु भिंत सरळ बांधली गेल्यामुळे ती पश्चिमेच्या बाजूला राहिली होती. दोन्ही सरकारे तिच्याकडे पाहत नव्हती आणि लोक तिथे कचरा टाकत होते. कालिन यांनी तो कचरा उपसून कांदा, लसूण आणि भाजी लावली, मोडक्यातोडक्या फळ्यांची झोपडी उभी केली. पूर्वेकडचे पहारेकरी चौकशीला आले, पण बाग राहिली. १९८९ साली भिंत पडली, तरी बाग राहिली. पुढे दोन प्रभागांत जागेचा वाद झाला आणि अखेर प्रभागाची हद्दच बदलून ती बाग मान्य झाली. २०१८ साली कालिन वारले. आजही बर्लिनला जाणारे लोक ती झोपडी पाहायला थांबतात. ज्या तुकड्यावर दोन महासत्तांच्या गोटांनी एकमेकांकडे बंदुका रोखल्या, तिथे एका पाहुण्या कामगाराने कांदे पिकवले! पाहुणा कोण आणि घरधनी कोण?

मात्र बागेचे कौतुक करताना एक धोकाही ओळखला पाहिजे. सत्ताधाऱ्यांना अशा बागा फार आवडतात. फीत कापता येते, छायाचित्र निघते, पुरस्कार देता येतो आणि खर्च जवळजवळ काहीच नसतो. डिसेंबर १९९५ मध्ये बोस्नियाचा शांतता करार झाला आणि १९९६ च्या उत्तरार्धापासून जर्मनीने बोस्नियाच्या निर्वासितांना परत पाठवायला सुरुवात केली. काही वर्षांतच बहुसंख्य लोक परतले किंवा तिसऱ्या देशात गेले. ज्या काळात ग्योटिंगेनचे वाफे फुलत होते, नेमक्या त्याच काळात हे घडत होते, हे विसरता कामा नये. आज लावलेल्या सफरचंदाच्या झाडाला फळ लागायला काही वर्षे जावी लागतात. ज्याचा कागद सहा महिन्यांचा आहे, त्याने झाड लावायचे कोणत्या भरवशावर? राहण्याचा हक्क नसेल तर बाग म्हणजे छावणीचेच हिरवे अंगण होय.

जमिनीचेही तसेच. शहरातल्या सामुदायिक बागा बहुधा उसन्या जागेवर उभ्या असतात. बर्लिनचा टेम्पलहॉफ विमानतळ २००८ साली बंद झाला, २०१० साली ते मैदान लोकांना खुले झाले आणि २०११ पासून तिथे लोकांनी लाकडी खोक्यांत माती भरून भाजी लावली. सरकारने कडेला इमारती बांधण्याचा घाट घातला, तेव्हा २५ मे २०१४ रोजी बर्लिनच्या जनतेने सार्वमत घेऊन तो हाणून पाडला. त्यानंतर सुमारे दीड वर्षातच, २०१५ च्या अखेरीस, त्याच विमानतळाच्या रिकाम्या हँगरमध्ये सीरिया, इराक आणि अफगाणिस्तानच्या निर्वासितांना ठेवण्याची वेळ आली. आत पडदे लावून केलेल्या खोल्या आणि बाहेर मोकळे मैदान! ते मैदान राखले गेले होते ते सामान्य लोकांच्या मतामुळे.

आज तर प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २०१५ या एका वर्षात सुमारे ८.९ लाख आश्रयार्थी जर्मनीत आले. २०२२ पासून युक्रेनमधून १० लाखांहून अधिक माणसे आली. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत 'एएफडी' हा स्थलांतरितांचा उघड विरोध करणारा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद राजवट कोसळली आणि दुसऱ्याच दिवसापासून सीरियनांना परत पाठवा, अशी भाषा सुरू झाली. दहा वर्षे शेजारी राहिलेल्या, रुग्णालयात सेवा करणाऱ्या, बस चालवणाऱ्या माणसांबद्दल ही भाषा! म्हणजे दहा वर्षांतही ही माणसे पुष्कळांच्या लेखी केवळ 'सहन' केलेलीच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही परदेशात परकेच होते. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे काही काळ त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. कोलंबियाच्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी तरुण भेटला. ती मैत्री आयुष्यभर टिकली. अडचणीच्या काळात भथेनांनी पैशाचीही मदत केली. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना कोणी जागा दिली नाही. नाइलाजाने पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. एकाच समाजातून जिवाभावाचा मित्रही मिळाला आणि काठी घेतलेला जमावही आला! हा फरक कशामुळे? भथेनांनी त्यांना रोज पाहिले होते, एका छपराखाली बरोबरीने राहिले होते. बडोद्याच्या जमावाला फक्त जात ठाऊक होती, माणूस ठाऊक नव्हता.

बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरची ठरतात, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावून सांगितले. बुद्धाच्या मैत्रीची त्यांनी केलेली मांडणी तर करुणेच्याही पुढे जाते. करुणा दुःखिताकडे पाहते, मैत्री सर्वांना कवेत घेते. निर्वासिताला ब्लँकेट देणे ही करुणा झाली, ती हवीच. त्याच्या हातची काकडी घेणे ही मैत्री! कोणी कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, यावर या देशात हजारो वर्षे माणसाची किंमत ठरवली गेली. त्यामुळे दुसऱ्याच्या हातचे घेण्याची किंमत आमच्या वाचकांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

म्हणूनच आमचे म्हणणे थोडक्यात असे. बाहेरून आलेल्या शेजाऱ्याशी मैत्री करायची असेल तर त्याला काय द्यावे याचा विचार नंतर करा. त्याच्याकडून काय घेता येईल ते आधी पाहा. त्याला रोप मागा, बी मागा, त्याच्याकडची रीत विचारा. बरोबर काम करता येईल अशी जागा धरा, मग ती चार वाफ्यांची का असेना. आणि ती जागा व तिथे राहण्याचा त्याचा हक्क धोक्यात येईल, त्या दिवशी त्याच्या बाजूने उभे राहा. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपली मुलेही आज जर्मनीत आणि इतरत्र जात आहेत. तिथे तीही कोणाची तरी परकी शेजारी आहेत. पोटासाठी आपल्या वस्तीत येऊन राहिलेला परप्रांतीय मजूरही आपला शेजारीच आहे. त्याला आपण सहन करतो की त्याच्या हातचे घेतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. सहन करणारा समाज उद्या टाळ्या वाजवणारा समाज होऊ शकतो. ज्याने शेजाऱ्याच्या वाफ्यातले खाल्ले आहे, त्याचे हात मात्र आग विझवायला धावतील!